पार्श्वसंगीत ऐकायचं कसं? सिनेमा आणि गेमच्या संगीताकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी

नाटक सुरू होण्याआधी नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत अशी नावं पुकारली जातात, तेव्हा आपण खुर्ची शोधत असतो किंवा मोबाइल सायलेंटवर टाकत असतो. सिनेमाचंही तेच. ‘संगीत मस्त आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा गाणी मस्त आहेत एवढंच म्हणायचं असतं. मग कधीतरी एखादा सिनेमा किंवा गेम संपल्यावर त्यातला बिनशब्दांचा एक तुकडा डोक्यात राहतो, माणूस हौसेने ॲप उघडतो, साठ-सत्तर ट्रॅकचा अल्बम समोर येतो आणि चौथ्या ट्रॅकला कंटाळा येतो. ‘हे आपल्याला जमणारं नाही’ म्हणून विषय बंद.

कंटाळा येतो कारण आपला कान गाण्यावर तयार झालेला आहे. तो मुखडा शोधतो, अंतऱ्याची वाट बघतो, समेवर यायला बघतो. पार्श्वसंगीतात यातलं काहीच मिळण्याची हमी नाही. तिथे प्रत्येक तुकड्याला प्रसंगात एक काम नेमून दिलेलं असतं. ते काम कळायला लागलं की चाल आपोआप लक्षात राहते. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या कामावर कान ठेवायची सवय लावण्यासाठी आहेत. संगीत शिकलेलं असायची गरज नाही. सा आणि रे यांतला फरक कानाला कळत असेल तर भांडवल भरपूर आहे.

काय काय लागेल

- वायरचे साधे, बरे हेडफोन. महागडे नकोत. गेमसाठी ब्लूटूथ टाळा, आवाज किंचित उशिरा पोचतो आणि सगळी मजा जाते.
- आधी पाहिलेला आणि पुन्हा पाहायला कंटाळा येणार नाही असा एक सिनेमा, किंवा खेळून झालेला एक गेम.
- वही आणि पेन. मोबाइलवर नोंदी करू नका, सिनेमा राहील बाजूला.
- टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘क्लिअर व्हॉइस’, ‘नाइट मोड’, ‘बास बूस्ट’ असलं काही चालू असेल तर ते बंद. यातल्या काही सोयी संवाद ठळक करताना संगीत दाबतात, आणि बास बूस्ट खालचे स्वर फुगवून बाकीचं झाकतो.
- ओटीटीवर ‘पुढचा भाग आपोआप सुरू करा’ हा पर्यायही बंद. शेवटच्या श्रेयनामावलीखाली संगीतकाराने पूर्ण सिनेमाच्या धुना एकत्र बांधलेल्या असतात आणि नेमकं तिथेच ॲप आपल्याला हाकलतं.

१. एकच कृती निवडा

‘सर्वोत्तम 100 साउंडट्रॅक’ असल्या प्लेलिस्ट सुरुवातीला उघडूच नका. त्यात प्रत्येक सिनेमाचा सगळ्यात मोठ्ठा, ढोल-कॉयरवाला तुकडा घेतलेला असतो. असे वीस कळस लागोपाठ ऐकले की सगळे सारखेच वाटतात, आणि तो दोष संगीताचा नसतो.

निवडताना एक गोष्ट बघा: संगीतकाराला वेळ मिळालेली कृती घ्या. दोन-तीन भागांची सिनेमालिका किंवा मोठा गेम असेल तर उत्तम, कारण धुना परत येताना, बदलताना ऐकायला मिळतात. हिंदी-मराठीतून सुरुवात करायची असेल तर ‘शोले’ (1975) घ्या. सगळ्यांचा पाहिलेला आहे, पुढे काय होणार हा ताण नाही, कान मोकळे राहतात.

२. दहा मिनिटं निवडा आणि चार प्रश्न लिहा

पूर्ण सिनेमा ‘अभ्यासायला’ बसलात तर अर्ध्या तासात गोष्टीत वाहून जाल. आठ-दहा मिनिटांचा एकच प्रसंग घ्या आणि वहीत एवढंच टिपा:

संगीत नेमकं कुठल्या क्षणी सुरू झालं? कुठे थांबलं? पडद्यावरच्या माणसांना ते ऐकू येतंय की फक्त आपल्याला? आणि कुठली वाद्यं?

पहिले दोन प्रश्न फालतू वाटतात, पण सगळ्यात जास्त तेच शिकवतात. संगीत एखाद्या वाक्यानंतर सुरू झालं की त्या वाक्याला वजन येतं. वाक्याच्या आधी सुरू झालं तर आपण आधीच सावध होतो. दिग्दर्शक आणि संगीतकार एकत्र बसून सिनेमा पाहतात आणि संगीत कुठून कुठपर्यंत हवं ते ठरवतात, त्याला धंद्यात ‘स्पॉटिंग’ म्हणतात. तुम्ही वहीत करताय ते उलट्या बाजूने केलेलं स्पॉटिंगच.

सुरुवात ओळखता येत नसेल तर एक युक्ती आहे. कर्णबधिर प्रेक्षकांसाठीची सबटायटल्स लावा. त्यात संगीत सुरू झालं की कंसात तशी नोंद येते. तीन-चार प्रसंगांनंतर ही कुबडी लागत नाही.

तिसरा प्रश्न ‘शोले’वर घासून बघा. रात्र, जय पायरीवर बसून माऊथ ऑर्गन वाजवतोय, समोर ठाकूरच्या वाड्यात राधा एकेक दिवा मालवतेय. माऊथ ऑर्गन जय खरोखर वाजवतोय, राधाला तो ऐकू जातोय. म्हणजे हे संगीत गोष्टीच्या आतलं आहे. दोघं एक शब्द बोलत नाहीत, सगळा संवाद त्या धुनेतून होतो. (रेकॉर्डिंगला हा माऊथ ऑर्गन भानू गुप्तांचा. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात ते गिटारही वाजवायचे.) आता सिनेमाच्या शेवटी राधा खिडकी मिटते त्या जागेवर या आणि कान लावून बसा: काय वाजतंय, आणि आता ते कोण वाजवतंय? हा प्रश्न पडला की निम्मं काम झालं.

३. खुणेच्या धुना पकडा

एखाद्या पात्राला, जागेला किंवा कल्पनेला एक छोटी सुरावट बांधून द्यायची आणि ती गोष्टीबरोबर बदलत न्यायची, ही पद्धत युरोपातल्या ऑपेरातून आली. जर्मन संगीतकार वाग्नरने ती टोकाला नेली, आणि व्हिएन्नाच्या परंपरेत वाढलेले माक्स स्टायनर, कॉर्नगोल्ड यांच्यासारखे संगीतकार ती हॉलिवूडला घेऊन आले. स्टायनरचा ‘किंग काँग’ 1933 चा. अशा खुणेच्या सुरावटीला लाइटमोटिफ म्हणतात.

नवख्यांची इथे एक ठरलेली गफलत होते. ‘हे अमक्याचं थीम’ एवढं ओळखून ते पुढे जातात. ओळख पटणं ही फक्त सुरुवात. ती धून या वेळी वेगळी कशी आहे, हे ऐकायचं. वाद्य बदललं? लय उतरली? अर्धवट तोडली?

याचं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात देखणं उदाहरण म्हणजे जॉन विल्यम्स यांनी ‘स्टार वॉर्स’मध्ये डार्थ व्हेडरला दिलेलं कूच. गंमत म्हणजे 1977 च्या पहिल्या सिनेमात ते नाहीच, ते आलं 1980 च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये. ट्रंपेट-ट्रोम्बोनचा ताफा, खाली तंतुवाद्यांचा आणि ड्रमचा ठोकून काढलेला ठेका, सैन्य चालून येतंय असं. हे दोनदा ऐका, गुणगुणता येईल इतपत. मग थेट 1983 च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये व्हेडर मरतो तिथे जा. तीच सुरावट आहे. पण ठेका नाही, ब्रासचा (ट्रंपेटसारख्या पितळी वाद्यांचा) ताफा नाही. एकेकट्या वाद्यावर, हळू, तुटक तुटक येते आणि शेवटचे स्वर हार्पवर विरतात. एकही संवाद न वापरता सांगितलंय की चिलखत गळून पडलं आणि आत एक थकलेला बाप होता.

मग 1999 चा ‘द फँटम मेनस’. इथे व्हेडर अजून नऊ वर्षांचा गोड पोरगा आहे, आणि त्याची धूनही तशीच गोड, निरागस. ती शेवटपर्यंत ऐका. मिटता मिटता तिच्यात त्या कूचाचे स्वर हलकेच डोकावतात. सिनेमातल्या कोणालाही अजून काही माहीत नाही, संगीताला माहीत आहे. हे पहिल्यांदा कानाला कळलं की माणूस या छंदातून बाहेर पडत नाही.

दुसरं उदाहरण त्रोटक सांगतो. एन्निओ मॉरिकोने यांनी ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (1966) मध्ये तिघांना एकच सुरावट दिली आणि फक्त आवाज बदलला: एकाला बासरी, दुसऱ्याला ओकारिना (फुंकून वाजवायचं छोटं वाद्य), तिसऱ्याला माणसांचे गळे. तिघंही एकाच माळेचे मणी, हे सांगायला आणखी काय हवं?

४. वाद्यांचा रंग ऐका

‘व्हायोलिन वाजतंय’ यापुढे जायचं. किती व्हायोलिनं? गज ओढलाय की तार छेडलीय? स्वर खालचा की वरचा?

बर्नार्ड हरमन यांनी ‘सायको’ला (1960) फक्त तंतुवाद्यं वापरली. ना ब्रास, ना बासरी, ना ड्रम. न्हाणीघरातल्या खुनाला दिग्दर्शक हिचकॉकला संगीतच नको होतं. हरमनने तरी लिहिलं, हिचकॉकने ऐकलं आणि मत बदललं. त्या किंचाळ्या म्हणजे वरच्या टोकाला गजाने ओरबाडलेली व्हायोलिनं आहेत, बाकी काही नाही. जगातलं सगळ्यात मऊ समजलं जाणारं वाद्य सुरीसारखं वापरलंय.

आपल्याकडचं, आणि माझ्या मते याहून थोर, उदाहरण ‘पथेर पांचाली’ (1955). संगीत पंडित रविशंकर यांचं, ध्वनिमुद्रण एका रात्रीच्या बैठकीत उरकलेलं. बाप परगावाहून येतो, पोरीसाठी आणलेली साडी बायकोच्या हातात देतो. पोर गेलीय हे त्याला माहीत नाही. बायको, सर्वजया, साडी तोंडाशी धरते आणि हंबरडा फोडते. तो हंबरडा आपल्याला ऐकूच येत नाही. त्या जागी तारशहनाई (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) वरच्या सप्तकात आक्रोश करते. सत्यजित राय यांनी बाईचा आवाज काढून टाकला आणि वाद्य ठेवलं. राग पटदीप. आपल्या कानावर हा राग नाट्यपदातून आलेला असतो, ‘मर्मबंधातली ठेव ही’ मधून, त्यामुळे मराठी माणसाला तिथे जरा जास्तच टोचतं. हा प्रसंग एकदा आवाजासकट आणि एकदा आवाज बंद करून पाहा. दुसऱ्यांदा तोच चेहरा वेगळा दिसतो.

थोडं पुढे जायचं असेल तर भास्कर चंदावरकर ऐका. रविशंकरांचे शिष्य, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे, ‘घाशीराम कोतवाल’ आणि ‘सामना’ (1975) या दोन्हींचं संगीत त्यांचं. वनराज भाटियांचा ‘अंकुर’ही (1974) याच यादीतला. कमी वाद्यांत, मोकळ्या जागा ठेवून काम कसं करतात ते इथे दिसतं.

आणि मोठ्या ताफ्याची हौस असेल तर हिंदीतल्या अरेंजरांकडे, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहून देणाऱ्यांकडे, लक्ष द्या. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही सगळी गोव्याची माणसं. गोव्यात चर्चशी जोडलेल्या संगीतशाळांत मुलांना नोटेशन वाचायला-लिहायला शिकवत. मुंबईच्या स्टुडिओंना व्हायोलिनच्या ताफ्याला कागदावर लिहून देणारी माणसं हवी होती, ती तिथून आली. प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. श्रेयनामावलीत या मंडळींची नावं बहुधा ‘सहायक’ म्हणून बारीक अक्षरात जायची.

५. संगीत कुठे नाही ते लिहा

वहीत एक रकाना शांततेसाठी ठेवा.

‘जॉज’ (1975) मधला शार्क म्हणजे दोन स्वर, सा आणि कोमल रे एवढंच अंतर. आता मधला एक प्रसंग बघा: किनाऱ्यावर शार्कचा पर दिसतो, लोक सैरावैरा पळतात, पण ते दोन स्वर वाजत नाहीत. पुढे कळतं की दोन पोरांनी पुठ्ठ्याचा पर लावून चावटपणा केला होता. म्हणजे संगीत खोटं बोलत नाही, असा आपला विश्वास विल्यम्स-स्पीलबर्ग जोडीने बसवला. आणि तो पक्का झाल्यावर पुढे एकदा खरा शार्क, काहीही न वाजवता, थेट बोटीशेजारी तोंड काढतो. थिएटरात लोक खुर्चीतून उडाले ते या विश्वासघातामुळे.

‘शोले’त ठाकूरच्या घरच्या हत्याकांडानंतर झोपाळ्याचा करकर आवाज राहतो. ‘सैराट’ (2016) ज्यांनी पाहिलाय त्यांना शेवट सांगायला नको. दोन-अडीच तास अजय-अतुल यांनी व्हायोलिनांनी भरलेला सिनेमा, आणि शेवटच्या क्षणांत आवाजच काढून घेतलेला. आधी एवढं संगीत नसतं तर ती शांतता एवढी लागली नसती. पार्श्वसंगीताचं मोजमाप करताना हा हिशेबही मांडायचा.

६. आता चित्राशिवाय ऐका

इथवर आलात की अल्बम उघडायला हरकत नाही. पण अल्बमच्या दुकानात फसगत बरीच होते, म्हणून थोडं सविस्तर.

हिंदी-मराठी सिनेमाचा ‘ओरिजिनल साउंडट्रॅक’ म्हणून ॲपवर जे असतं ती नव्वद टक्के वेळा गाणी असतात. पार्श्वसंगीत वेगळं काढायची पद्धत आपल्याकडे उशिरा आणि तुरळक आली. ‘शोले’च्या संवादांची रेकॉर्ड तडाखेबंद खपली, तशी पार्श्वसंगीताची निघाली नाही. त्यामुळे जुन्या सिनेमांसाठी सिनेमा हाच अल्बम. राष्ट्रीय पुरस्कारांतही पार्श्वसंगीताला नियमित स्वतंत्र मान मिळू लागला तो 2009 च्या सिनेमांपासून, आणि त्या वर्षीचे मानकरी ठरले इलैयाराजा, ‘पळशीराजा’साठी. तमिळ-तेलुगू चाहते मात्र ‘बीजीएम’ (बॅकग्राउंड म्युझिक) म्हणून या तुकड्यांवर कधीपासून जीव टाकतात. त्यांनी कापून ठेवलेले तुकडे शोधा, खजिना आहे.

इंग्रजी सिनेमाच्या बाबतीत अल्बमवर ‘स्कोअर’ (म्हणजे पार्श्वसंगीत) हा शब्द आहे का बघा. ‘म्युझिक फ्रॉम अँड इन्स्पायर्ड बाय’ असेल तर ती बहुतेक गाणीच, काही तर सिनेमात नसलेलीसुद्धा. ‘एपिक व्हर्जन’, ‘दहा तास’ असं लिहिलेलं असेल ते दुसऱ्याच कोणीतरी केलेलं असतं. सुरुवातीला नकोच.

तिसरी गोष्ट क्रमाची. जुन्या अल्बमांतला क्रम सिनेमातला असेलच असं नाही. 1977 चा ‘स्टार वॉर्स’चा दुहेरी अल्बम विल्यम्सनी ऐकायला छान लागावा म्हणून वेगळा लावला होता. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे अल्बम आधी प्रत्येकी तासा-सव्वा तासाचे आले, नंतर ‘कंप्लीट रेकॉर्डिंग्ज’ म्हणून प्रत्येक सिनेमाचे तीन तास आणि त्याहूनही जास्त. नवख्याने छोटा घ्यावा. मोठा घ्यायची वेळ येते तेव्हा आपलं आपल्याला कळतं.

ऐकताना ट्रॅकच्या नावाकडे बघू नका. आधी ऐका, प्रसंग आठवतो का बघा, मग नाव वाचा. आणि काम करता करता नको. गेमचं संगीत अभ्यासाला लावतात हे मलाही माहीत आहे, मीही लावतो, पण ते ऐकणं नव्हे.

७. गेमचं संगीत: इथे नियम वेगळे

सिनेमाच्या संगीतकाराला प्रसंग एक मिनिट बारा सेकंदांचा आहे हे माहीत असतं. गेमच्या संगीतकाराला काहीच माहीत नसतं. तुम्ही त्या दारापाशी चार सेकंद थांबाल की जेवून याल, त्याला काय कळणार? तरी संगीत तुटता कामा नये आणि डोकंही उठता कामा नये. गेम-संगीतातली सगळी हुशारी या अडचणीतून जन्मलेली आहे. म्हणून अल्बमवर ते ऐकून मत बनवू नका, हातात कंट्रोलर हवा. स्वतः खेळत नसाल तर कोणीतरी न बोलता खेळतानाचा व्हिडिओ पाहा.

सगळ्यात जुनी युक्ती 1978 च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये आहे. उतरते चार स्वर, पुन्हा पुन्हा. शत्रू जवळ येतात तशी लय चढत जाते आणि आपले हात थरथरायला लागतात. 1985 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये घड्याळ शंभराच्या खाली गेलं की कोजी कोंडो यांची तीच धून घाईत पळायला लागते.

मारिओ ऐकताना आणखी एक गोष्ट बघाच. हा गेम ज्या कन्सोलवर चालायचा त्याच्या चिपमध्ये आवाजाच्या मोजून पाच वाटा होत्या: दोन टोकदार स्वरांच्या, एक खालच्या गोलसर स्वराची, एक नुसत्या खरखरीची, आणि पाचवी छोट्या ध्वनिमुद्रित नमुन्यांसाठी. ढोलकं म्हणजे ती खरखर, झटक्यात कापलेली. उडीचा, नाण्याचा आवाजही याच वाटांतून जायचा, म्हणून मारिओने उडी मारली की धुनेतला एक सूर क्षणभर गळतो. हेडफोनवर स्पष्ट कळतं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या नकली कन्सोलवर, ‘9999 इन 1’ कॅसेट खुपसून ज्यांनी हे खेळलंय, त्यांच्या कानात हा गळलेला सूर पक्का बसलेला आहे, फक्त कधी लक्ष गेलं नसेल. ही धून 2023 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली. गेमचं संगीत तिथे पहिल्यांदाच गेलं.

पुढच्या गेममध्ये कान ठेवायच्या तीन जागा:

थर. संगीत चालूच असतं, फक्त एकेक थर चढतो-उतरतो. शत्रू दिसला की ड्रम मिसळतात, गेला की निघून जातात. ‘रेड डेड रिडेम्पशन’चं (2010) बरंचसं संगीत एकाच पट्टीत, ए मायनरमध्ये, आणि मिनिटाला 130 ठोक्यांच्या एकाच लयीत ध्वनिमुद्रित केलं, म्हणजे कुठलाही थर कुठल्याही थरावर बसावा.

तुकडे. ‘ऑकारिना ऑफ टाइम’मध्ये (1998) मैदानावरचं संगीत छोट्या तुकड्यांचं आहे आणि ते दर वेळी वेगळ्या क्रमाने जोडले जातात. उभे राहिलात की शांत तुकडे, शत्रू आला की तापलेले. तासन् तास त्या मैदानात भटकूनही कंटाळा का येत नाही, ते इथे कळतं.

सांधे. एका खोलीतून दुसरीत गेल्यावर संगीत कसं बदलतं? धाडकन कापलं, विरलं, की मधे एक पूल टाकला? ‘मंकी आयलंड 2’ (1991) मधल्या लाकडी वस्तीत एकेका दारातून आत-बाहेर करा. धून तीच राहते, प्रत्येक दारामागे वाद्यांचा थाट बदलतो, आणि सांधा सापडत नाही. त्यासाठी लुकासआर्ट्सने आयम्यूझ नावाची खास यंत्रणा बनवली होती.

खेळताना करायचं ते असं: सेटिंगमध्ये संगीत, इतर आवाज (इफेक्ट्स) आणि संवाद यांच्या पट्ट्या वेगवेगळ्या असतात. इतर आवाज निम्म्यावर आणा, संगीत पूर्ण ठेवा. मग सुरक्षित जागेत उभं राहून काहीही करू नका. संगीत फिरून पहिल्या जागेवर यायला किती वेळ लागतो ते मोजा. मग चाला, मग भांडण उकरून काढा, मग मरा. मरणानंतर काय वाजतं तेही लिहा. झालं की पट्ट्या जागच्या जागी ठेवा, कारण पावलांचा आणि वाऱ्याचा आवाजही कोणीतरी संगीताशी जुळवूनच ठेवलेला असतो.

‘माइनक्राफ्ट’ला हे करायला गेलात तर बराच वेळ काहीच वाजणार नाही. बिघाड नाही. तिथे संगीत मधूनच येतं, थोडं थांबतं आणि निघून जातं. पियानोचे चार स्वर, मावळतीच्या वेळी, आपण एकटे दगड फोडत असताना. पहिल्या अल्बमला 2025 मध्ये त्याच अमेरिकी यादीत जागा मिळाली.

८. गेममधून कुठे सुरुवात करावी

कमी वेळ असेल तर ‘जर्नी’ (2012). दोनेक तासांत संपतो, बोलणं अजिबात नाही, आणि ऑस्टिन विंटरी यांचा चेलो म्हणजे जवळजवळ आपणच. सिनेमांच्या बरोबरीने ग्रॅमीच्या स्कोअर-विभागात नामांकन मिळालेला तो पहिला गेम. लाइटमोटिफची चटक लागली असेल तर ‘अंडरटेल’ (2015): टोबी फॉक्स यांनी गेमही केला आणि संगीतही, 101 ट्रॅक आहेत आणि मूठभर धुना वेष बदलून त्यांतून फिरत राहतात. एखादी भयानक लढाई चालू असताना ‘अरे, ही तर पहिल्या पडद्यावरची!’ असं होतं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (2020) खेळून आपली वाद्यं या साच्यात कशी बसतात तेही बघा.

‘सिव्हिलायझेशन 4’चं ‘बाबा येतू’ सगळे सुचवतात. ऐका, छानच आहे, ग्रॅमी मिळवणारं ते पहिलं गेम-संगीत (2011). पण ते गाणं आहे, मेनूवर वाजतं, आणि वर सांगितलेलं काहीही त्यातून कळणार नाही.

९. एकदा तरी समोर बसून

हेडफोनमध्ये चेलो आणि डबल बास एकमेकांत मिसळतात, समोर बसल्यावर वेगळे दिसतात. मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. फिल्मी कार्यक्रमाची वाट बघत बसू नका, बीथोव्हेन असो की चायकोव्हस्की, तिकीट काढा. बाल्कनीतली स्वस्त जागा या कामाला उलट बरी, सगळा ताफा वरून दिसतो. कुठला गट कधी गज उचलतो एवढंच बघा. घरी येऊन ‘सैराट’ची गाणी पुन्हा लावा. त्या ताफ्याचं ध्वनिमुद्रण लॉस एंजलिसमध्ये, सोनी स्कोअरिंग स्टेजवर झालंय. व्हायोलिनांखाली खालच्या पट्टीत काय चाललंय ते आता ऐकू यायला लागेल. आलं नाही तर आवाज वाढवू नका, बास बूस्ट अजून चालू राहिला आहे का ते बघा.